ओव्हनशिवाय लिंबाचा फ्रोझन पाय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा पदार्थ नेमका काय आहे आणि तो कुठला?

बिस्किटांच्या चुऱ्यात लोणी कालवून तो साच्यात थापायचा, त्यावर कंडेन्स्ड मिल्क, लिंबाचा रस आणि फेटलेले क्रीम यांचे मिश्रण ओतायचे आणि सगळे फ्रीजरमध्ये गोठवायचे, एवढीच या पदार्थाची मांडणी आहे. तो मूळचा अमेरिकेचा. तिथल्या दक्षिणेकडच्या राज्यांत पिवळ्या लेमनचा ‘आइसबॉक्स पाय’ घरोघरी होतो, तर फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला समुद्रात पसरलेल्या कीज बेटांवर त्याचा भाऊबंद ‘की लाइम पाय’ प्रसिद्ध आहे. फ्लोरिडाने २००६ साली त्याला राज्याचा अधिकृत पाय म्हणून मान्यता दिली. या बेटांवर ताजे दूध मिळणे आणि टिकवणे अवघड होते. गेल बॉर्डन यांनी १८५६ मध्ये ज्याचे पेटंट मिळवले ते कंडेन्स्ड मिल्क मात्र डबाबंद असल्यामुळे उन्हातही टिकत असे, आणि म्हणून दुधाच्या जागी तेच वापरात आले. पहिला पाय कोणी केला यावर तिथे अजून वाद चालतो. त्या वादात पडण्याचे आपल्याला कारण नाही.

जुन्या पद्धतीत अंड्याचे बलक घालतात आणि पाय थोडा वेळ भाजतात. येथे दिलेल्या पद्धतीत अंडे नाही, ओव्हन नाही आणि गॅस लागलाच तर लोणी वितळवण्यापुरता लागतो.

की लाइम नावाचे फळ आपल्याकडे मिळते का?

मिळते, आणि ते बहुतेक प्रत्येक भाजीवाल्याकडे असते. ‘सिट्रस ऑरँटिफोलिया’ या शास्त्रीय नावाने ओळखले जाणारे, लहान, गोल, पातळ सालीचे आणि बियांचे फळ म्हणजेच आपले कागदी लिंबू. त्याचे मूळ दक्षिण आणि आग्नेय आशियाच्या पट्ट्यातले आहे. अरब व्यापाऱ्यांबरोबर ते पश्चिमेकडे सरकले आणि स्पॅनिश लोकांबरोबर अटलांटिक ओलांडून कॅरिबियन बेटांवर व पुढे फ्लोरिडात पोहोचले. तिथल्या व्यापारी बागा १९२६ च्या चक्रीवादळात उद्ध्वस्त झाल्या, आणि नंतर बागायतदारांनी मोठ्या, जाड सालीच्या, बिनबियांच्या ‘पर्शियन’ लाइमची लागवड केली. आज अमेरिकेतल्या दुकानांत लाइम म्हणून प्रामुख्याने हेच दिसते. त्यामुळे पुण्यात किंवा नांदेडात मंडईतल्या लिंबांचा केलेला पाय फळाच्या बाबतीत तरी जुन्या चवीच्या अधिक जवळचा ठरतो. परदेशातून आणलेले महागडे पिवळे लेमन शोधत फिरण्याची त्यामुळे काहीच गरज नाही.

भाजले नाही, शिजवले नाही, जिलेटिनही घातले नाही, मग मिश्रण घट्ट कसे होते?

या पदार्थाचे सगळे गमक याच प्रश्नात आहे आणि बिघडलेल्या पायचे कारणही बहुधा येथेच सापडते. दुधातले मुख्य प्रथिन म्हणजे केसीन. दुधाचा आम्लतांक म्हणजे पीएच (तो जितका कमी, तितके आम्ल जास्त) साधारण ४.६ पर्यंत खाली आला, की केसीनचे कण एकमेकांना धरू लागतात. साध्या उकळत्या दुधात लिंबू पिळले तर ते फाटते, पनीर एका बाजूला आणि निवळी दुसऱ्या बाजूला होते. कंडेन्स्ड मिल्कमध्ये पाणी फार थोडे असते, साखर भरपूर असते आणि मिश्रण मुळातच दाट असते. त्यामुळे केसीन एकत्र येते, पण त्याला निवळी सोडून वेगळे होता येत नाही. सगळे मिश्रण एकसंध राहून दाट होते.

हे डोळ्यांनी पाहता येते. कंडेन्स्ड मिल्कमध्ये रस घालून चमच्याने ढवळायला लागले, की पहिली काही सेकंद ते उलट पातळ झाल्यासारखे वाटते. मग अर्ध्या-एक मिनिटात चमच्याला जडपणा जाणवू लागतो, ढवळल्याच्या रेघा पृष्ठभागावर टिकू लागतात आणि चमचा उचलला तर मिश्रण धारेने न पडता गोळ्यागोळ्याने पडते. हा बदल दिसला, की निम्मे काम झाले. हा बदल दिसला नाही, तर फ्रीजरमध्ये ठेवून मिश्रण गोठेल खरे, पण ताटलीत काढल्यावर पाच-दहा मिनिटांत त्याचे दूध होईल.

लिंबाच्या रसात साधारण सहा ते सात टक्के सायट्रिक आम्ल असते आणि त्याचा पीएच दोन-अडीचच्या आसपास असतो. संत्र्याच्या रसात हेच आम्ल बहुधा एक टक्क्याच्या आत असते. पुढच्या अनेक उत्तरांचा आधार हा फरक आहे.

एका पायसाठी साहित्य किती घ्यावे?

तळ निघणारा २० ते २२ सेंटिमीटर व्यासाचा केकचा साचा धरून हे प्रमाण दिले आहे. त्यातून आठ ते दहा जणांना पुरेसे तुकडे निघतात.

तळासाठी २०० ग्रॅम बिस्किटे आणि ८० ते १०० ग्रॅम लोणी घ्यावे. वरच्या मिश्रणासाठी कंडेन्स्ड मिल्कचा एक डबा (कंपनीनुसार ३८० ते ४०० ग्रॅमचा), १२० मिलिलिटर गाळलेला लिंबाचा रस, दोन-तीन लिंबांची किसलेली साल, २०० मिलिलिटर थंडगार व्हिपिंग क्रीम आणि चिमूटभर मीठ लागते. बाजारातले खारे टेबल बटर वापरले असेल तर तळात वेगळे मीठ घालू नये.

१२० मिलिलिटर रसासाठी किती लिंबे लागतील, हे ऋतूवर अवलंबून असते. रसाळ लिंबू १२ ते १५ मिलिलिटर रस देते, त्यामुळे एरवी आठ-दहा लिंबे पुरतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी येणारी टणक, लहान लिंबे मात्र डझनभर लागू शकतात. लिंबे मोजून नव्हे, रस मोजून घ्यावा.

कृती सविस्तर सांगाल का?

बिस्किटे मिक्सरमध्ये फिरवून रव्याइतपत बारीक करावीत. मिक्सर नसेल तर जाड पिशवीत घालून लाटण्याने कुटली तरी चालते, मात्र मोठे तुकडे राहू देऊ नयेत. त्यात वितळलेले लोणी कालवावे. चुरा मुठीत दाबल्यावर मुटका वळला पाहिजे आणि बोटाने टोकरल्यावर तो मोडला पाहिजे. हा चुरा साच्याच्या तळाशी आणि कडेने दोन-अडीच सेंटिमीटर उंचीपर्यंत सपाट बुडाच्या वाटीने दाबून बसवावा आणि साचा अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवावा.

तेवढ्या वेळात लिंबे धुऊन, पुसून, आधी त्यांची साल किसून घ्यावी आणि मग ती चिरून रस काढावा. चिरलेल्या, पिळलेल्या लिंबाची साल किसणे म्हणजे बोटे सोलून घेणे आहे. काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात कंडेन्स्ड मिल्क, किसलेली साल आणि मीठ एकत्र करावे, त्यावर रस दोन-तीन हप्त्यांत घालून ढवळावे आणि वर सांगितल्याप्रमाणे दाट झाल्यावर दहा मिनिटे तसेच ठेवावे. दुसऱ्या भांड्यात क्रीम फेटावे. फेटणी उचलल्यावर टोक उभे राहून किंचित वाकले, की थांबावे. फेटलेल्या क्रीमचा एक डाव आधी लिंबाच्या मिश्रणात मोकळ्या हाताने मिसळावा, म्हणजे ते सैल होते, आणि उरलेले क्रीम खालून वर असे हलकेच उलटत मिसळावे. जोरात ढवळल्यास फेटून भरलेली हवा निघून जाते आणि पाय जड व बर्फाळ होतो.

मिश्रण थंड तळावर ओतून वरून सारखे करावे, झाकावे आणि किमान सहा तास, शक्य असेल तर रात्रभर गोठवावे.

कोणती बिस्किटे वापरावीत?

अमेरिकेत यासाठी ग्रॅहम क्रॅकर नावाची, कोंड्यासकट गव्हाच्या पिठाची बिस्किटे वापरतात. आपल्याकडे त्यांच्या सर्वांत जवळची म्हणजे डायजेस्टिव्ह. त्यांत मुळातच स्निग्धांश असतो, म्हणून २०० ग्रॅमला ८० ग्रॅम लोणी पुरते. मारी बिस्किटे कोरडी असतात आणि १०० ग्रॅम लोणी मागतात. ती कमी गोड असल्यामुळे आंबटगोड मिश्रणाखाली उत्तम लागतात, आणि व्यक्तिशः माझी पसंती मारीलाच आहे. ग्लुकोज बिस्किटांचा तळ चवीला चांगला होतो, पण सगळा पाय जरा जास्तच गोड वाटतो. नॉर्थ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर अशाच एका लेमन पायचा तळ खाऱ्या क्रॅकरचा करतात. आपल्याकडे खारी बिस्किटे निम्मी आणि मारी निम्मी घेऊन तसा तळ करता येतो. खारट तळ आणि आंबटगोड वरचा थर ही जोडी एकदा जरूर करून पाहावी. मलईची सँडविच बिस्किटे मात्र टाळावीत.

क्रीम फेटले जातच नाही, असे का होते?

बहुतेक वेळा क्रीमच चुकीचे घेतलेले असते. किराणा दुकानात छोट्या खोक्यात मिळणारे साधे फ्रेश क्रीम साधारण २५ टक्के स्निग्धांशाचे असते. ते भाजीच्या रश्श्यासाठी ठीक आहे, पण कितीही फेटले तरी त्याची टोके उभी राहत नाहीत. पाकिटावर ‘व्हिपिंग क्रीम’ असे स्पष्ट लिहिलेले आणि स्निग्धांश ३० टक्के किंवा त्याहून अधिक असलेले क्रीमच घ्यावे.

दुसरे कारण उष्णता. हवेचे बुडबुडे धरून ठेवणारे स्निग्धकण गार असतील तरच एकमेकांना चिकटून राहतात. एप्रिल-मे महिन्यांत मुंबईच्या स्वयंपाकघरात क्रीम बाहेर काढल्यापासून काही मिनिटांतच ते सैल पडू लागते. म्हणून भांडे आणि फेटणी आधी अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवावी आणि फेटताना भांड्याखाली बर्फाच्या पाण्याची परात ठेवावी.

बेकरीचे सामान विकणाऱ्या दुकानांतून मिळणारे, वनस्पती तेलापासून बनवलेले नॉन-डेअरी क्रीम गरमीतही चटकन फुलते आणि टिकते, म्हणून ते अनेकांना सोयीचे वाटते. ते आधीच गोड असते, त्यामुळे वापरायचे झाल्यास रस दोन-तीन चमचे वाढवावा. त्याचा तेलकट थर जिभेवर रेंगाळतो, म्हणून दुधाचे क्रीम मिळत असेल तर तेच वापरावे असे मी सुचवेन.

क्रीमऐवजी चक्का चालेल का?

चालेल, आणि महाराष्ट्रातल्या स्वयंपाकघराला हा बदल अगदी सहज जमतो. २५० ग्रॅम चांगला घट्ट चक्का श्रीखंडासाठी करतो तसा पुरणयंत्रातून किंवा बारीक चाळणीतून काढून घ्यावा, म्हणजे गुठळी राहत नाही. चक्का स्वतः आंबट असतो, म्हणून लिंबाचा रस १२० ऐवजी ९० मिलिलिटर घ्यावा. चक्क्यात पाणी राहिले तर गोठल्यावर त्याचे बर्फाचे कण दाताखाली येतात. त्यामुळे दही रात्रभर टांगून ठेवावे आणि वरून थोडे वजनही ठेवावे.

चक्क्यात क्रीमसारखी हवा भरलेली नसते, म्हणून हा पाय अधिक घट्ट गोठतो. तो वाढण्यापूर्वी वीस मिनिटे बाहेर काढून ठेवावा लागतो. चवीला मात्र तो अधिक तजेलदार लागतो. यात वेलची-केशर घालण्याचा मोह आवरावा, कारण वेलचीपुढे लिंबाच्या सालीचा सुवास टिकत नाही.

संत्र्याचा किंवा मोसंबीचा पाय याच पद्धतीने करता येईल का?

संत्र्याचा करता येईल, पण फक्त रस बदलून नव्हे. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा सुवास आणि रंग दोन्ही देखणे आहेत, परंतु कंडेन्स्ड मिल्क दाट करण्याइतके आम्ल त्याच्या रसात नसते. यावर उपाय असा : २५० मिलिलिटर गाळलेला संत्र्याचा रस स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर ६० मिलिलिटर होईपर्यंत आटवावा, पूर्ण गार करावा आणि त्यात ६० मिलिलिटर लिंबाचा रस मिसळून तो १२० मिलिलिटर रस वापरावा. आटवताना संत्र्याचा ताजा वास उडून जातो. तो परत आणण्यासाठी दोन संत्र्यांची साल किसून थेट कंडेन्स्ड मिल्कमध्ये घालावी. संत्र्याची साल सैल आणि मऊ असते, त्यामुळे फळ सोलण्याआधीच किसावे. विदर्भातल्या बाजारात आंबिया बहराची संत्री हिवाळ्याच्या सुरुवातीला आणि मृग बहराची साधारण फेब्रुवारीपासून येतात. आंबटपणा टिकून असलेली संत्री या पायला अधिक चांगली.

मोसंबीच्या वाटेला जाऊ नये. तिच्यात आम्ल नगण्य असते, आणि तिचा रस काढून ठेवला की काही वेळाने कडवट होतो, हे रसवंतीवर उशिरा पोहोचलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पपनसाच्या फोडी सोलून वाढताना बाजूला ठेवल्या तर छान लागतात. घरच्या परसात किंवा बाजारात ईडलिंबू मिळाले, तर त्याची सुवासिक साल अवश्य वापरावी.

लिंबूसत्त्व किंवा बाटलीतला रस वापरला तर?

लिंबूसत्त्व म्हणजे सायट्रिक आम्लाचे स्फटिक. ते मिश्रण दाट करण्याचे काम चोख बजावते, कारण दाट होण्यासाठी आम्लच लागते. पण लिंबाचा लिंबूपणा आम्लात नसून सालीतल्या तेलात असतो, आणि लिंबूसत्त्वात ते तेल नाही. संत्र्याच्या पायमध्ये लिंबाची चव मुळीच नको असेल तर ६० मिलिलिटर लिंबाच्या रसाऐवजी तेवढाच आटवलेला संत्र्याचा रस आणि त्यात विरघळवलेले सुमारे चार ग्रॅम लिंबूसत्त्व घ्यावे. तिथे त्याचा उपयोग रास्त आहे.

बाटलीतल्या रसाने पाय जमतो, पण त्याला टिकाऊ द्रव्यांचा मंद वास असतो. त्यापेक्षा लिंबे स्वस्त असताना रस काढून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवावा आणि खडे पिशवीत भरून ठेवावेत. उन्हाळ्यात लिंबांचे भाव चढतात आणि नेमकी त्याच वेळी या पायची आठवण होते, तेव्हा हे खडे कामी येतात. साल मात्र शक्यतो ताजीच असावी.

पाय कडू का झाला?

सालीखालचा पांढरा थर किसला गेला, हे पहिले कारण. कागदी लिंबाची साल खरोखरच कागदासारखी असते. किसणीवर एका जागी दोनदा घासले, की हिरवा थर संपून पांढरा सुरू होतो. लिंबू फिरवत, हलक्या हाताने, सर्वांत बारीक छिद्रांवर किसावे. दुसरे कारण म्हणजे बियांसकट मिक्सरमध्ये रस काढणे किंवा शेवटचा थेंब निघेपर्यंत लिंबू चिरडणे. तिसरे कारण थोडे अनपेक्षित आहे : सजावटीसाठी पायवर लावलेल्या लिंबाच्या चकत्या. रात्रभरात त्यांचा कडवटपणा खालच्या थरात उतरतो आणि चकत्या स्वतः बर्फासारख्या कडक होतात. सजावट हवी असेल तर वाढताना ताजी साल किसून भुरभुरावी.

पितळेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात रस ठेवला असेल तर चव कडू नव्हे, कळकलेली लागते. असे मिश्रण टाकून द्यावे.

पाय फार आंबट किंवा फार गोड होणार नाही, हे आधी कसे ओळखावे?

गोठलेल्या पदार्थाची गोडी जिभेला कमी जाणवते. म्हणून गोठवण्यापूर्वीचे मिश्रण खायला हवे त्याहून किंचित अधिक गोड लागले पाहिजे, आणि वर दिलेल्या प्रमाणात ते तसे लागते. घरात आंबट आवडणारी मंडळी असतील तर रस १३५ मिलिलिटरपर्यंत न्यायला हरकत नाही. त्यापुढे गेल्यास पाण्याचा अंश वाढून पोत बर्फाळ होतो. रस ९० मिलिलिटरच्या खाली आणला, तर गोडी अंगावर येते आणि मिश्रणही नीट दाटत नाही. वेगळी साखर कोणत्याही परिस्थितीत घालू नये.

मिश्रण गोठले, पण दगडासारखे झाले. काय चुकले?

हवा कमी पडली किंवा पाणी जास्त झाले. साखर विरघळलेल्या पाण्याचा गोठणबिंदू खाली नेते, स्निग्धांश बर्फाच्या कणांना वाढू देत नाही आणि फेटलेल्या क्रीममधली हवा सुरी आत शिरायला वाट ठेवते. हे तिन्ही जमले, तर उणे १८ अंशांच्या फ्रीजरमधूनही पाय कापण्याजोगा निघतो. क्रीम न फेटता ओतणे, त्याऐवजी साधे दूध घालणे, किंवा कमी गोड करायचे म्हणून कंडेन्स्ड मिल्क निम्मे करणे, यांपैकी काही केले असेल तर कारण तेच.

तळच कडक झाला असेल तर लोणी जास्त झाले आहे किंवा चुरा फार ताकदीने ठोकला गेला आहे.

आमच्या फ्रिजला वेगळा फ्रीजर नाही, वर नुसता बर्फाचा कप्पा आहे. चालेल का?

चालेल, पण एकदारी फ्रिजचा कप्पा उणे १८ अंशांपर्यंत जाईलच असे नाही, म्हणून वेळ जास्त लागतो. मोठ्या साच्याऐवजी लहान वाट्यांमध्ये किंवा उथळ स्टीलच्या डब्यात पाय लावावा, फ्रिजचे बटण आदल्या दिवशी सर्वांत थंडवर ठेवावे आणि पूर्ण रात्र द्यावी. तरीही तो घट्ट झाला नाही, तर खालच्या कप्प्यात थंड ठेवून चमच्याने खाण्याचा पदार्थ म्हणून तो वाढावा. मिश्रण लिंबाने दाट झालेले असले, की हा पर्याय नेहमी हाताशी असतो.

वीज गेली आणि पाय वितळला, तर पुन्हा गोठवता येईल का?

कडा नुसत्या मऊ झाल्या असतील आणि मध्यभाग घट्ट असेल, तर येईल. पोत थोडा खरखरीत होतो, कारण वितळलेले पाणी पुन्हा गोठताना मोठे स्फटिक बनवते. पाय पूर्ण सैल होऊन उन्हाळ्याच्या उकाड्यात दोन तासांहून अधिक काळ राहिला असेल, तर मात्र दुधाचा पदार्थ म्हणून तो फेकून द्यावा. आठवड्यातून ठरावीक वारी भारनियमन होते अशा गावांत फ्रीजरचे दार त्या वेळात अजिबात उघडू नये.

हा पाय शाकाहारी आहे का? उपासाला चालेल का?

यात अंडे आणि जिलेटिन दोन्ही नाही, त्यामुळे तो शाकाहारी आहे. बिस्किटांच्या पाकिटावरची हिरवी खूण तेवढी पाहावी. काही पाककृतींत जिलेटिन सुचवलेले असते. ते प्राण्यांच्या हाडांपासून आणि कातडीपासून मिळते. त्याऐवजी कोणी चायना ग्रासही घालतात. लिंबू आणि कंडेन्स्ड मिल्क आपापले काम करत असताना या दोन्हींची गरज उरत नाही.

बिस्किटांमध्ये मैदा असल्यामुळे उपासाला हा तळ चालणार नाही. त्याऐवजी १५० ग्रॅम भाजलेल्या शेंगदाण्यांचे भरड कूट आणि १०० ग्रॅम बिया काढलेला खजूर मिक्सरमध्ये एकत्र फिरवून तळ थापता येतो. तो चिकट असतो, म्हणून साच्यात तळाशी बटर पेपर घालावा. डबाबंद दूध आणि क्रीम उपासाला चालते की नाही, हे मात्र ज्या त्या घरच्या रिवाजावर सोपवावे लागेल, कारण याबाबत दोन आज्ज्यांचे एकमत होणे कठीण.

मधुमेह असलेल्यांना देता येईल का?

कंडेन्स्ड मिल्कच्या ४०० ग्रॅमच्या डब्यात दुधातली आणि वरून घातलेली मिळून दोनशे ग्रॅमहून अधिक साखर असते, आणि ती कमी करता येत नाही, कारण पोत तिच्यावरच अवलंबून आहे. लहान तुकडा द्यायचा की मुळीच नाही, हे त्या व्यक्तीने आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवावे.

कंडेन्स्ड मिल्क घरी करून वापरावे का?

एक लिटर दूध आणि दोनशे-सव्वादोनशे ग्रॅम साखर मंद आचेवर चारशे ग्रॅमपर्यंत आटवली तर काम चालण्याजोगे मिश्रण मिळते. पण त्याला बासुंदीचा वास येतो, आणि बासुंदीत लिंबू पिळल्यासारखी चव कोणालाच नको असते. या एका जिनसापुरता डबाच घ्यावा.

हिरवा रंग घालावा का?

घालू नये. या रसाचा पाय फिकट पिवळसरच होतो आणि फ्लोरिडातही हिरवागार पाय दिसला की जुने लोक नाक मुरडतात. किसलेल्या सालीचे हिरवे ठिपके पुरेसे आहेत.

आम्ही अमेरिकेत राहतो. प्रमाणात काही बदल करावा लागेल का?

तिथे १४ औंसांचा, म्हणजे ३९६ ग्रॅमचा डबा मिळतो, ग्रॅहम क्रॅकर मिळतात आणि ३६ टक्के स्निग्धांशाचे हेवी क्रीम सहज मिळते, त्यामुळे काम उलट सोपे होते. पर्शियन लाइम मोठे असते, चार-पाचांत १२० मिलिलिटर रस निघतो. दुकानातल्या लिंबांवर बहुधा मेणाचा लेप असतो. साल किसण्यापूर्वी ती कोमट पाण्याखाली ब्रशने घासून घ्यावीत. जाळीच्या पिशवीत की लाइम म्हणून विकली जाणारी बारकी लिंबे दिसली, तर घरच्या लिंबांची आठवण म्हणून ती घ्यावीत, पण पिळताना हात दुखतील याची तयारी ठेवावी. तिथला पायचा साचा ९ इंची, म्हणजे २३ सेंटिमीटरचा असतो आणि हे प्रमाण त्यात नीट बसते.

नीट कापावा आणि वाढावा कसा?

पाय फ्रीजरमधून काढून दहा मिनिटे ठेवावा. साच्याच्या बाहेरून गरम पाण्यात पिळलेले फडके फिरवले, की कड सुटते. लांब, पातळ पात्याची सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून एकच सरळ काप द्यावा आणि प्रत्येक कापानंतर ती पुन्हा बुडवून पुसावी. पहिला तुकडा बहुधा मोडतो. तो करणाऱ्याने खावा. वाढायच्या ताटल्याही थंड असाव्यात.

सोसायटीच्या कार्यक्रमाला किंवा नातेवाइकांकडे न्यायचा असेल, तर साच्यासकट थर्माकोलच्या खोक्यात, खाली-वर बर्फाच्या पिशव्या ठेवून न्यावा आणि तिथे पोहोचताच फ्रीजरमध्ये जागा मागून घ्यावी.

उरलेला पाय किती दिवस टिकतो?

हवाबंद झाकलेला असेल तर आठवडाभर चव उत्तम राहते. त्यानंतर तो बिघडत नाही, पण तळ मऊ पडू लागतो आणि फ्रीजरमधल्या मासळीचा किंवा खवलेल्या नारळाचा वास धरतो. उरलेल्या तुकड्यांचे काय करावे, याचे उत्तर कीज बेटांपैकी ‘की वेस्ट’ इथल्या दुकानांनी केव्हाच दिले आहे : तिथे पायचा तुकडा काडीला टोचून वितळलेल्या चॉकलेटमध्ये बुडवून विकतात. घरी करताना तुकडे अगदी कडक गोठलेले असावेत, डार्क चॉकलेटमध्ये एक चमचा खोबरेल तेल घालून ते वितळवून कोमट होऊ द्यावे आणि एकेक तुकडा झटकन बुडवून लगेच परत फ्रीजरमध्ये ठेवावा.